ग्रातँ उर्फ खरवड

१ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ९.२०

नवी वही. आजपासून रोज लिहायचं. मोजकं, मुद्द्याचं आणि खरं. माझ्याशिवाय ही कुणी वाचणार नाही, त्यामुळे इथे नम्रतेचं सोंग आणायची गरज नाही.

परिस्थिती अशी. एप्रिलमध्ये तोक्योतलं निशी-कसाई सोडून सेंदाईला आलो. विभाला इथल्या विद्यापीठात संशोधनाचं काम मिळालं. माझं आयटीचं कॉन्ट्रॅक्ट संपतच होतं, ते मी संपू दिलं. लोक म्हणतात, हेमचंद्र बायकोच्या मागे आला. मी त्याला करिअर ब्रेक म्हणतो. निशी-कसाईत आम्ही तोझाई लाइनवर राहायचो, इथल्या सबवेचं नावही तोझाई लाइनच आहे. म्हणजे फार काही बदललेलं नाही.

अबोलीचं मात्र बदललं. तिकडे भारतीय शाळा होती, इकडे जपानी सरकारी शाळा, इयत्ता चौथी. जपानी तिला माझ्या दसपट येतं. पण तिच्या वर्गशिक्षिका होंदा-सेन्सेईंनी परवा आम्हाला बोलावून सांगितलं की सहा महिन्यांत ती वर्गात आपणहून एक वाक्य बोललेली नाही. मधल्या सुट्टीत एकटी लायब्ररीत जाऊन बसते. नाव ठेवताना आम्ही फुलाचा विचार केला होता, न बोलण्याचा नाही. रात्री विभा रडली. मीही जवळपास.

आणि काल चमत्कार. अबोलीच्या २६ तारखेच्या वाढदिवसाला वर्गातल्या तीन मुली घरी यायला तयार झाल्यात. मिसाकी, युई आणि कोहारु. अबोलीने चिठ्ठी लिहून विचारलं म्हणे. खायला काय करू, विचारलं, तर एकच शब्द. गुरातान.

विभाचा रिपोर्ट ३१ तारखेला द्यायचाय, त्यावर तिची पुढची तीन वर्षं ठरणार. म्हणून स्वयंपाक माझ्याकडे. तिने विचारलं, जमेल ना रे? मी नुसता हसलो.

२ ऑक्टोबर, गुरुवार

गुरातान म्हणजे काय ते पाहून आलो. मॅकरोनी, पांढरा सॉस, वर चीज. सुपरमार्केटमध्ये खोकी भरून असतं. इथली मुलं वरणभातासारखं खातात.

संकल्प: खोकं आणायचं नाही. मुळापासून करायचं. मूळ म्हणजे शब्दाचं मूळ. ज्याला पदार्थाच्या नावाचा अर्थ माहीत नाही त्याने त्याला हात लावू नये, असं माझं मत आहे. (आजच झालं.)

३ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ११

शब्द मूळचा फ्रेंच. जपान्यांनी गुरातान केला. खरा उच्चार ग्रातँ. शेवटचं अक्षर नाकातून. सकाळभर सराव केला. खालच्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यात विचारलं, सर्दी झालीये का. काळजीवाहू शेजार.

दुपारी ४

सापडलं. शब्दकोशाची गरजच पडली नाही. घृत अधिक अन्न, घृतान्न. घृतान्न, घ्रतान, ग्रातान, ग्रातँ. तुपातलं अन्न. फ्रेंच लोक लोणी घालतात, पण ती त्यांची मजबुरी.

सेंदाईत बसून एका दुपारी हे मला सुचलं. 'पुणेकर इन जपान' ग्रुपवर टाकलं. दोन तासांत चौदा अंगठे. निशी-कसाईला माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सारंगने फक्त विचारलं की रेसिपी आहे का. काही माणसांची झेपच तेवढी.

६ ऑक्टोबर, सोमवार

विभाने ऑफिसातून फ्रेंच शब्दकोशाचं पान पाठवलं. खाली एकच ओळ: घृत नाही रे बाबा.

ग्रातँ हा शब्द ग्रात्ते या क्रियापदापासून आलाय. ग्रात्ते म्हणजे खरवडणे. जुन्या काळी भांड्याच्या तळाला जे चिकटायचं आणि मग खरवडून काढायला लागायचं, त्याला ग्रातँ म्हणत.

म्हणजे खरवड.

खरवड! चारशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये कुणीतरी बाई पातेल्यात उलथनं घालून खर्र खर्र करत होती आणि तिच्या पोरांनी म्हटलं असणार, मला, मला. अंगावर काटा आला. घृताबद्दल मला आधीपासून शंका होतीच, ग्रुपवर मी ठामपणे म्हटलं नव्हतं. (म्हटलं होतं. पोस्ट डिलीट केली. अंगठे वाया गेले.)

७ ऑक्टोबर, मंगळवार

चिंचवडला आईला फोन. खरवडीबद्दल तिच्याइतका अधिकार कुणाचा नाही. लोणी कढवल्यावरची बेरी, बासुंदीची खरवड, खिचडीची खरवड, सगळ्यांवर वीस मिनिटं बोलली. मी नोट्स घेतल्या. म्हणाली, खरवड मिळेल म्हणूनच तू स्वयंपाकघरात यायचास, एरवी कधी पाऊल टाकलंस? मग म्हणाली, कढईतच चमचा घालून खायचास, तरी मी बजावायचे की लग्नात पाऊस येईल, आणि आला की नाही?

आला होता. पण तो मे महिन्यातला वळीव होता. आईला सांगण्यात अर्थ नाही.

फोन ठेवताना म्हणाली, पोरीला विचार तिला काय हवंय ते. विचारलंय की. ग्रातँ.

८ ऑक्टोबर, बुधवार

आजचा दिवस महत्त्वाचा. सिद्धांत मांडतो.

एक: ग्रातँ म्हणजे खरवड. दोन: खरवड भांड्याच्या तळाला असते. म्हणून ग्रातँचा खरा जीव तळाशी असतो. जपानी लोक, आणि बहुधा हल्लीचे फ्रेंचही, वर चीज घालून वरून भाजतात. म्हणजे सगळं जग ग्रातँ उलटं करतंय.

फायदा असा की ओव्हनची गरजच उरत नाही. आमच्याकडे ओव्हन नाहीये, मायक्रोवेव्ह आहे तो फक्त गरम करतो. सिद्धांताशी याचा संबंध नाही. सिद्धांत आधी सुचला.

संध्याकाळी विभाला समजावलं. तिने जेवता जेवता फोनवर शोधून दाखवलं की फ्रेंचमध्ये समाजातल्या बड्या मंडळींनाही ग्रातँ म्हणतात. वरचा थर. वरचा, म्हणाली, बघ. मी म्हणालो, मोठी माणसं वर कशी पोचली ते बघायचं तर तळच खरवडावा लागतो. तिने वाटी उचलली आणि लॅपटॉपकडे गेली. निरुत्तर.

९ ऑक्टोबर, गुरुवार

नवा शोध. स्टेशनजवळच्या फ्रेंच हॉटेलच्या मेनूत 'ओ ग्रातँ' असं लिहिलंय. ओ! जपानीत आदर दाखवायचा तर शब्दाच्या आधी ओ लावतात. चहाला ओ-चा, पैशाला ओ-काने. तसंच ओ-ग्रातँ. म्हणजे एवढ्या मोठ्या खरवडीला जपान्यांनी अहोजाहो केलंय. भाषणात घ्यायचं.

हो, भाषण. मुलींना जेवायच्या आधी दोन शब्द सांगावेत असं वाटतंय. जपानीत. त्यांच्या घरी कुणी सांगत नसणार.

संध्याकाळी ६

अबोली म्हणाली, बाबा, तो ओ फ्रेंचच आहे. 'च्यासहित' असा अर्थ आहे त्याचा. आईने सांगितलं. शिवाय आदराचा ओ असता तर मेनूत जपानी अक्षरांत असता ना.

भाषणातून काढला. मूळ मुद्दा शाबूत.

११ ऑक्टोबर, शनिवार

प्रयोग पहिला. लोणी, मैदा, दूध, मॅकरोनी. पॅनमध्ये मंद आचेवर चाळीस मिनिटं. तळाला काहीच चिकटलं नाही. पॅन तिरका केला तर अख्खी चकती सुर्रकन घसरून सिंकमध्ये.

दोष पॅनचा. नॉनस्टिक. माणसाने खरवडीच्या विरोधात लावलेला सगळ्यात दुष्ट शोध. घरातली चारही भांडी नॉनस्टिक आहेत. आम्ही कसे जगलो.

दुपारी माळ्यावरच्या बॅगेतून आईने दिलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं काढलं. सहा वर्षांत वापरलं नव्हतं. पातळ बुडाचं. यात साधं पाणीही करपतं. मुलगा मोठा झाल्यावर त्याला काय लागेल हे आईला बरोबर कळतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार. सुट्टी

प्रयोग दुसरा. चिकटलं. उत्तम चिकटलं. फक्त मी शेजारच्या खोलीत भाषणाचा दुसरा परिच्छेद लिहीत होतो तेवढ्यात छतावरचा अलार्म बोलू लागला. इथले अलार्म नुसते किंचाळत नाहीत, त्यात एक बाई असते. काजी देस, काजी देस. आग लागली आहे, आग लागली आहे. आवाज इतका शांत की मला वाटलं टीव्ही चालू आहे.

खालच्या आजी वर आल्या. मी कमरेतून वाकून चार वेळा माफी मागितली. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, भारतीय पदार्थ का? मी म्हणालो, फ्रेंच. त्या म्हणाल्या, आमच्याकडे ओव्हन आहे, कधीही वापरा. मी नम्रपणे नाही म्हणालो. सिद्धांत समजवायला माझं जपानी अजून पुरत नाही.

चव: धूर.

१५ ऑक्टोबर, बुधवार

अबोलीने शाळेतून आल्यावर पातेलं बघितलं. घासून हात दुखले तरी तळाला अजून नकाशा आहे. म्हणाली, बाबा, फुत्सूचंच कर ना. फुत्सू म्हणजे साधं, चारचौघांसारखं. शाळेच्या जेवणात असतं तसं, पुठ्ठ्याच्या वाटीतलं, वर पिवळं चीज.

मी तिला शेजारी बसवून मुळाचं महत्त्व सांगितलं. तिने ऐकून घेतलं. ऐकते खूप ती. शेवटी फक्त म्हणाली, मिसाकीला चीज आवडतं.

चीज घालीन की. तळाला.

१८ ऑक्टोबर, शनिवार

विभाने सुपरमार्केटमधून गुरातानची दोन खोकी आणली आणि फडताळात ठेवली. हा अविश्वास आहे. पण तिच्यावर रिपोर्टचा ताण आहे, म्हणून मोठ्या मनाने सोडून दिलं. खोकी पोह्यांच्या डब्यामागे सरकवली.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. फराळ निशी-कसाईच्या दुकानातून कुरियरने आला. चकल्यांचा चुरा झालेला. विभा कॅम्पसवर, अबोली शाळेत. आकाशकंदील बाल्कनीत लावला तर सोसायटीच्या काकांनी येऊन विचारलं, कसलं चिन्ह आहे हे. एकटाच चुरा खाल्ला. तळाचा चुरा जास्त खमंग लागतो. मुद्दा सगळीकडे सिद्ध होतोय.

२२ ऑक्टोबर, बुधवार

भाषण तयार. चोवीस स्लाइड. ग्रात्ते या क्रियापदापासून सुरुवात, मग युरोपातली चूल, मग आईचा फोटो, मग पातेल्याचा आडवा छेद (स्वतः काढला), मग समारोप. सात मिनिटांत बसतं.

अबोलीने लॅपटॉप बघितला. विचारलं, बाबा, तू बोलणार आहेस? म्हणालो, दोन शब्द. तिने स्लाइडचा नंबर बघितला. मग जपानीत म्हणाली, यामेते. नको करूस. मग जेवलीच नाही. विभाने विचारलं तर म्हणाली, पोट दुखतंय.

तिला माझं टेन्शन आलंय. बापाचं जपानी कच्चं, चारचौघींत फजिती होईल ही भीती. विभा म्हणाली, हेम, तिला माझी किंवा तुझी भीती नाहीये. त्या तिघी परत येतील की नाही याची आहे. एवढंच आहे तिचं जग सध्या. तू मॅकरोनी उकड आणि गप्प बस.

कटू बोलली. पण रिपोर्टला नऊच दिवस उरलेत.

स्लाइड कमी केल्या. आता तेवीस.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

प्रयोग तिसरा. यश!

दूध आधीच आटवून घेतलं, आच बारीक, पातेल्याजवळ स्टूल टाकून बसलो, नजर हलवली नाही. पस्तिसाव्या मिनिटाला तळाशी बदामी रंगाची पापडी. उलथन्याने उचलली तर अखंड निघाली. खाल्ली. डोळे मिटले. चिंचवडचं स्वयंपाकघर, मी सहा वर्षांचा, आईच्या हातातलं पातेलं.

विभा आल्यावर तिलाही दिली. म्हणाली, खरंच छान आहे, खरपूस. पण हा ग्रातँ नाहीये हेम, ही खरवड आहे.

तेच तर म्हणतोय मी कधीपासून.

अबोलीने एक तुकडा चाखला. चांगलं आहे, म्हणाली. मग: चौघींना पुरेल का?

पुरेल. चौपट करायचं. चौपट साहित्य, चौपट यश.

२५ ऑक्टोबर, शनिवार

उद्यासाठी संकल्प.

आच बारीक ठेवायची. पातेल्यावरून नजर हलवायची नाही. भाषण सात मिनिटांत संपवायचं. पातेलं गॅसवर असताना भाषण करायचं नाही.

शेवटचा संकल्प विभाने वहीत नाही, फ्रीजवर लिहून चिकटवलाय. गरज नव्हती.

२६ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ९.१०

वाढदिवस. दहा वर्षांची झाली. सकाळी उठून तिने स्वतःच टेबल पुसलं, चार ताटल्या मांडल्या, चमचे सरळ केले, पुन्हा सरळ केले. निळा फ्रॉक. दर पाच मिनिटांनी खिडकीतून खाली बघते.

११.१५

चौपट दूध आटायला चौपट वेळ लागतो. हे कुणी सांगितलं नव्हतं.

११.५०

बेल. तिघी वेळेच्या दहा मिनिटं आधी. बूट रांगेत, टाचा भिंतीकडे. हातात कागदी पिशव्या. अबोली दारात उभी, मान खाली, तोंडातून शब्द नाही. त्याही गप्प. चौघी टेबलाभोवती बसल्या. इतकं शांत की फ्रीजचा आवाज येतोय. विभा आत व्हिडिओ मीटिंगवर, प्रोफेसरना आजचाच दिवस सापडला.

ग्रातँ अजून पातळ. निदान वीस मिनिटं. अबोलीने माझ्याकडे बघितलं. पोरीची ही अवस्था मला बघवेना. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

दुपारी ४. एकटा बसून लिहितोय. जसं झालं तसं लिहितो.

मी लॅपटॉप उघडला. कोन्निचिवा म्हणालो. तिघी टाळ्या वाजवून सरळ बसल्या. इथली मुलं फार सभ्य. मी ग्रात्ते या क्रियापदापासून सुरुवात केली. मान हलवून ऐकत होत्या. नवव्या स्लाइडला मिसाकीने वहीत काहीतरी लिहिलं. (नंतर कळलं, मांजर काढलं होतं.) मला रंग चढला. घृतान्नाची स्लाइड मी काढून टाकली होती, तरी तोंडी सांगितली. सात मिनिटं कधी संपली कळलं नाही.

पातेल्याच्या आडव्या छेदावर होतो. चीज इथे वर नाही, इथे, खाली, असं बोट ठेवून दाखवत होतो. तेवढ्यात ती बाई बोलली. काजी देस, काजी देस.

धावलो. धुरात पातेलं सापडायला वेळ लागला. विभा हेडफोन गळ्यात घेऊन धावत आली, खिडक्या उघडल्या. खालच्या आजी जिन्यातूनच ओरडल्या, ओव्हन आहे हो माझ्याकडे.

इथे शहाण्या माणसाने गॅस बंद करून गप्प बसायचं. मी उलथनं घेतलं. वाटलं, वरचं करपलं असेल, तळाशी तरी असेल. खरवडलं. खर्र खर्र असा आवाज की मुलींनी कानांवर हात ठेवले. मग चार ताटल्यांत चार काळे तुकडे वाढले, वर चीजचा एकेक चौकोन, आणि म्हणालो, दोझो. घ्या.

हात दाखवून अवलक्षण, हे मला वाढून झाल्यावर आठवलं.

तिघींनी हात जोडून जेवणाआधीचं इतादाकिमास म्हटलं. कुणी चमचा उचलेना. जपानीत करपलेल्याला कोगे म्हणतात, पण भाताच्या तळाची छान खमंग खरवड असेल तर आदराने ओकोगे. मिसाकीने ताटलीकडे बघून, अगदी हळू, अबोलीला विचारलं, हे ओकोगे आहे का?

मी अबोलीकडे बघितलं. तिने माझ्याकडे. मला वाटलं, रडणार आता, संपलं सगळं. माझ्यामुळे. हे तेव्हा वाटलं आणि आत्ता लिहितानाही तसंच वाटतंय.

ती म्हणाली, नाही. कोगे.

युईच्या नाकातून हसू फुटलं. मग अबोली बोलायला लागली. जपानीत, भराभर, न थांबता. मला निम्मंच कळलं. सिंकमध्ये सुर्रकन घसरलेली चकती कळली, कारण तिने हाताने दाखवली. नाकातून ग्रातँ म्हणणारा माणूस कळला. आजींपुढे चार वेळा वाकणं कळलं, पाचव्यांदा वाकताना डोकं दाराला आपटणं तिने पदरचं घातलं. मग अलार्मची बाई. तिचा तो शांत आवाज अबोलीने असा काही काढला की कोहारु खुर्चीवरून खाली घसरली. विभा दारात तोंडावर हात धरून उभी होती. तिची मीटिंग अजून चालू होती.

मी विचार केला, माझं भाषण यांना इतकं आवडलं तर.

मग, फडताळातली दोन खोकी पुरली नसती म्हणून, विभा कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानातून, पाच तयार गुरातान घेऊन आली, मायक्रोवेव्हमध्ये गरम केले. फुत्सूचे. वर चीज. पाच मिनिटांत फस्त. तिघी संध्याकाळपर्यंत थांबणार आहेत असं दिसतंय. आतून ओरडण्याचा आवाज येतोय. त्यातला सगळ्यात मोठा आवाज आमच्या मुलीचा आहे.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सारंगला फोन करून सांगितलं की व्याख्यान गाजलं. एक अक्षर खोटं नाही.

काल संध्याकाळी मुलींना सोडायला खाली गेलो होतो. मिसाकी वाकून म्हणाली, आज फार मजा आली. मी म्हणालो, पुन्हा या, तेवीस स्लाइड होत्या, तुम्ही सोळाच बघितल्या. ती अबोलीकडे बघून हसली. दोघींचं काहीतरी ठरलेलं असल्यासारखं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

पातेलं तीन दिवस साबणाच्या पाण्यात. आईला सांगितलं नाही. ती विचारते, खरवड आवडली का पोरींना. म्हणालो, ताटात कणभरही उरली नाही. (सगळी कचऱ्याच्या हिरव्या पिशवीत गेली. वाक्य खरं आहे.)

होंदा-सेन्सेईंचा फोन. माझं जपानी फोनवर अजून कमी पडतं, विभाशी बोलल्या. विभा नुसतं हाइ, हाइ (हो, हो) म्हणत होती आणि डोळे पुसत होती. मग सांगितलं: अबोली मधल्या सुट्टीत लायब्ररीत गेली नाही. तीन दिवस वर्गातच असते, भोवती मुलं जमतात. काहीतरी गोष्ट सांगते म्हणे. रोज तीच.

कुठली, विचारलं. विभा म्हणाली, तुला काय वाटतं?

मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. नंतर थोडं वाईटही वाटलं, पण ते मागाहून.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

विभाचा रिपोर्ट गेला. मी कॉफी केली. करपली नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार. सुट्टी. संध्याकाळी ७

अबोलीला मिसाकीकडे जेवायला बोलावलं होतं. मी शर्ट इस्त्री केला. म्हटलं, पहिल्यांदा जातेय, तिच्या आईला भेटावं. अबोली म्हणाली, बाबा, तू सिग्नलपर्यंतच ये.

सिग्नलपर्यंत गेलो. हिरवा झाला तशी ती पळत सुटली. मागे वळून बघेल म्हणून मी उभा राहिलो. नाही बघितलं. आणखी दोन वेळा हिरवा झाला, मग परत आलो.

चारला आली. विभाला बिलगून भडाभडा बोलत होती, मराठी, जपानी, मधेच इंग्लिश. मिसाकीच्या आईने गुरातान केला होता. खरा, ओव्हनमधला. मी शक्य तितक्या सहज विचारलं, तळाशी काय होतं?

म्हणाली, प्लेट.

मग सांगितलं की पुढच्या महिन्यात शाळेत कार्यक्रम आहे. प्रत्येक मुलाने वर्गासमोर पाच मिनिटं काहीतरी करून दाखवायचं. तिने नाव दिलंय. आपणहून. घरी आलेला फॉर्म दाखवला. विषयाच्या जागी जपानीत लिहिलं होतं: माझे बाबा आणि ग्रातँ.

मला भरून आलं, ते लपवायला मी लॅपटॉप उघडला. म्हटलं, स्लाइड तयारच आहेत, हव्या तर मीही येतो, सुरुवातीला दोन शब्द बोलतो, शेवटी उच्चार करून दाखवतो.

तिने लॅपटॉप मिटला. अगदी हळू, मायेने.

म्हणाली, तू नको येऊस बाबा. तू मला तुझ्यापेक्षा चांगला जमतोस.